शेलूचे पाणी, वसईची खाडी

वांगणी सोडून गाडी शेलू-नेरळकडे निघाली की पावसाळ्यात रुळांच्या बाजूस जे पाणी पसरलेले दिसते, त्यास आम्ही बेधडक 'डबके' म्हणतो. ह्या एका शब्दाने आम्ही त्या जमिनीचा निकाल लावून टाकला आहे. डबके म्हटले की ते बुजविणे पुण्यकर्मच ठरते!

वस्तुतः भातखाचरे, ओढ्याकाठची लव्हाळी आणि पाणकणसांची बेटे ही उल्हास नदीची गाळणी आहे. तेथे पाण्याचा वेग मंदावतो, गाळ तळाशी बसतो. मुळांवरचे सूक्ष्म जीव मैला खातात आणि चिखलातील जीवाणू खतांतील नत्राचा वायू करून तो हवेत सोडतात. तेथेच वंचक व पाणकोंबडी पोट भरतात. पहिल्या पावसात चढणीचे मासे ह्याच वाटेने खाचरांत शिरतात आणि कातकरी-ठाकूर कुटुंबांच्या ताटात तेवढे दिवस तरी सकस अन्न पडते. भराव पडला की ही वाट बंद होते. त्याची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर होत नाही.

कायदा रक्षण करील असे कोणी समजू नये. रामसर कराराच्या वर्गीकरणात भातशेतीही पाणथळ जागांत मोडते. आपल्या २०१७ च्या पाणथळविषयक नियमांनी मात्र भातखाचरे आणि नदीपात्र व्याख्येतूनच वगळली. म्हणजे शेलूचे जे पाणथळ आहे, ते कागदावर पाणथळ नाहीच.

आम्हांस सांगितले जाते की मुंबईच्या चाळीतील माणसाला परवडणारे घर हवे. हवेच. त्याच्या घराला आमचा विरोध नाही. परंतु ते घर ओढ्याच्या उरावर का? २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पाऊस विलक्षण होता, हे मान्य. पण पाण्याला पसरण्यास जागा हवी, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. डासांचा आक्षेपही असाच. मासे आणि चतुर नांदतात त्या पाण्यापेक्षा इमारतींमागच्या तुंबलेल्या गटारात डास अधिक पोसले जातात.

हे सारे धर्मग्रामाच्या त्रैमासिकात कशाला, असे कोणी विचारील. उल्हासचे पाणी कल्याण-डोंबिवलीपासून मीरा-भाईंदरपर्यंतची आमची कुटुंबे पितात आणि उरलेले वसईच्या खाडीला मिळते. शिवाय 'निसर्गाच्या कुशीत' ही जाहिरात वाचून शेलूला दुसरे घर घेणाऱ्यांत आम्हीही आहोत. वसईची बावखले बुजली तेव्हा आम्ही हळहळलो. आता दुसऱ्याच्या गावचे बावखल बुजवून त्यावर सज्जा बांधतो आहोत. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पाणथळ जागांच्या नाशाचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. त्यावर प्रवचने झाली, चित्रकला स्पर्धाही झाल्या!

बिघडलेले सुधारता येते. नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर हे मूळचे गोदावरीवरील पाटबंधाऱ्याचे काम. गाळ साचून तेथे पाणथळ झाले, पक्षी आले आणि २०२० साली त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. माणसाच्या हातून नकळत एवढे घडते, तर जाणूनबुजून किती घडेल? शेलूत ओढ्याच्या दोन्ही अंगांस सखल पट्टा मोकळा ठेवावा, टाकलेला भराव उपसावा, आणि वसाहतींचे सांडपाणी शुद्धीकरणानंतरही थेट नदीत न सोडता लव्हाळ्यांच्या उथळ तळ्यांतून न्यावे. वसईच्या तरुणांनी काही बावखले उपसून पुन्हा जिवंत केली आहेत. ही विद्या आमच्या घरचीच आहे.

आमच्यापैकी ज्यांनी शेलूत घराची नोंदणी केली आहे, त्यांनी पुढचा हप्ता भरण्यापूर्वी बांधकाम व्यावसायिकास दोन प्रश्न लेखी विचारावेत: येथला ओढा कोठे गेला, आणि आमचे सांडपाणी कोठे जाणार?