पोर्सिलेन, बोन चायना की नुसतीच 'चिनी माती'? जीएसटी कमी झालेल्या कपबशीत नेमकं काय असतं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. टीव्ही, गाड्या, विमा यांची भरपूर चर्चा झाली. पण त्याच यादीत स्वयंपाकघरातली एक साधी वस्तूही होती. पोर्सिलेन आणि इतर सिरॅमिकच्या कपबश्या, प्लेट, बाऊल यांच्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

घेणाऱ्याची अडचण मात्र वेगळीच आहे. कन्नड तालुक्यातलं देवगाव रंगारी असो की मुंबईतला मॉल, या सगळ्या भांड्यांना मराठीत शब्द एकच, चिनी माती. प्रत्यक्षात या एका शब्दामागे चार वेगवेगळ्या वस्तू आहेत. त्यांची किंमत वेगळी, टिकाऊपणा वेगळा आणि एकीत तर चक्क हाडांची राख असते.

हा गोंधळ आजचा नाही

देवगाव रंगारी ज्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या दौलताबाद किल्ल्यावर 'चिनी महाल' आहे. १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकल्यावर औरंगजेबाने शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह याला इथेच कैदेत ठेवलं होतं. महालाचं नाव मात्र कपबश्यांवरून पडलेलं नाही, ते पडलं भिंतींवरच्या निळ्या, चकचकीत फरशांवरून. म्हणजे भाजलेल्या मातीवर काचेसारखी झिलई दिसली की तिला 'चिनी' म्हणायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे.

मग चार प्रकार कोणते?

फरक मुख्यतः दोन गोष्टींचा असतो. माती कोणती आणि भट्टी किती तापवली.

अर्दनवेअर: साधारण १००० ते ११५० अंश सेल्सिअसला भाजलेली माती. आतून सच्छिद्र राहते, त्यामुळे झिलई नसेल तर पाणी शोषते. स्वस्त असते, पण टवका लवकर उडतो.

स्टोनवेअर: १२०० अंशांच्या वर भाजलेली, दगडासारखी घट्ट माती. आजीची लोणच्याची बरणी याच प्रकारातली. मीठ आणि आंबटपणा वर्षभर सोसूनही ती पाझरत नाही, ती यामुळेच.

पोर्सिलेन: केओलिन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचं मिश्रण, १३०० अंशांच्या आसपास भाजलेलं. चीनमधल्या जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग या जागेवरून 'केओलिन' हे नाव आलं. हे तंत्र युरोपला थेट १७०८ मध्ये जमलं आणि १७१० मध्ये जर्मनीतल्या माइसनला कारखाना निघाला.

बोन चायना: अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला जोसाया स्पोडने रुळवलेला प्रकार. पारंपरिक मिश्रणात जवळपास निम्मी राख असते ती जनावरांच्या, बहुतेकदा गुरांच्या हाडांची. त्यामुळेच कप पातळ असूनही मजबूत होतो.

आणि हो, पांढऱ्याशुभ्र 'ओपल' प्लेट म्हणजे काच, तर मेलामाइन म्हणजे प्लास्टिक. कर आकारणीच्या यादीतही सिरॅमिक ६९व्या, काच ७०व्या आणि प्लास्टिक ३९व्या प्रकरणात येतं. दुकानात मात्र तिन्ही एकाच फळीवर मांडलेली असतात.

याने फरक काय पडतो?

पहिला मुद्दा श्रद्धेचा. शाकाहार कडक पाळणारी कितीतरी घरं, मग ती माळकरी असोत की जैन, बोन चायनाच्या कपात चहा घेतात आणि त्यांना त्यातली राख माहीतही नसते. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, कपबशीवर असा ठिपका नसतो. हाडांची राख न वापरता बनवलेली 'फाइन चायना'ही मिळते, पण ती विचारूनच घ्यावी लागते.

दुसरा मुद्दा आरोग्याचा. काही झिलईत आणि भडक रंगांत शिसं असू शकतं. भट्टी नीट तापली नसेल किंवा झिलई झिजली असेल, तर लिंबू, चिंच, लोणचं अशा आंबट पदार्थांत ते उतरतं. मुलांसाठी शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दुकानात ओळखायचं कसं?

कप मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. पलीकडून बोटाची सावली दिसली तर पोर्सिलेन किंवा बोन चायना. बोन चायनाचा पांढरा किंचित सायीकडे झुकतो, पोर्सिलेनचा निळसर वाटतो. अर्दनवेअर आणि स्टोनवेअरमधून उजेड जात नाही.

कप पालथा करून बुडाच्या झिलई नसलेल्या कडेवर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला गेला तर अर्दनवेअर. टिचकी मारल्यावर स्वच्छ किणकिण आली तर माती घट्ट भाजलेली आहे, 'थप्प' आवाज आला तर तडा असू शकतो.

शिसं मात्र डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. म्हणून आतून भडक रंगवलेल्या, तडकलेल्या किंवा झिलई खरवडलेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नका. सोनेरी काठाचा कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तर ठिणग्या उडतात आणि मेलामाइनही तिथे चालत नाही.

करातली बचत दुकानदार बिलावर दाखवेल. हाडांची राख आहे का आणि झिलईत शिसं नाही ना, हे बिलावर लिहिलेलं नसतं. पैसे देण्याआधी हे दोन प्रश्न गिऱ्हाइकालाच विचारावे लागतील.