लस स्वस्त आहे, मग परसातल्या कोंबड्या ‘मानमोडी’ने का मरतात?

मानमोडी म्हणजेच राणीखेत. नाव उत्तराखंडातल्या गावाचं, आजार मात्र जगभरचा. कोंबडी मलूल होते, हिरवट हगवण लागते, मान मुरगळते आणि काही दिवसांत खुराडं रिकामं होतं. या विषाणूवर औषध नाही. लस आहे, तीही स्वस्त.

अडचण कुपीची आहे. एका कुपीत बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात. द्रावणात मिसळल्यावर ती थंड ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते. घरी दहाच कोंबड्या असतील तर उरलेली लस फेकावी लागते. मोठ्या पोल्ट्रीवाल्याला हा प्रश्न पडतच नाही.

त्यामुळे अख्ख्या वाडीने एकच दिवस ठरवणं हाच व्यवहार्य मार्ग. पहाटे, कोंबड्या सोडण्याआधी. आठवडाभर आधी जंताचं औषध द्यायचं, कारण जंतांनी अशक्त झालेल्या पक्ष्याला लस नीट लागू पडत नाही.

ऑस्ट्रेलियात तयार झालेली ‘आय-२’ लस उष्णता बऱ्यापैकी सोसते. टांझानिया, मोझांबिकच्या खेड्यांत तिचा थेंब कोंबडीच्या डोळ्यात टाकतात. आपल्याकडच्या योजनांत पिल्लं वाटली जातात, पण वाडीपर्यंत बर्फाच्या डब्यातून लस कोण नेणार, हे बहुतेकदा ठरलेलं नसतं.