दस्तरखानावरचा कागद

गेल्या रमजानमध्ये एका घरी इफ्तारला गेलो होतो. वीस-बावीस माणसे होती. मगरिबची नमाज झाल्यावर दस्तरखान आवरायला आम्हीही हात लावला. पाहतो तर खजुराच्या बिया आणि फळांच्या साली यांच्यापेक्षा कागदी रुमालांचाच ढीग मोठा! त्यातले निम्मे धड वापरलेलेही नव्हते. घरातल्या दादी एकेक कोरा रुमाल उचलून गुडघ्यावर सरळ करीत होत्या. सून म्हणाली, ‘‘अम्मी, राहू द्या ना, अख्खं पाकीट स्वस्तात मिळतं.’’ दादी म्हणाल्या, ‘‘स्वस्त आहे बेटा, पण कागद आहे.’’

त्या एका वाक्यात जुनी जाण आहे. ‘कागद’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात मुस्लिम कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनवत आले. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुराही अशाच कारागिरांच्या नावाने ओळखला जातो. जुन्या चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, त्यांचा लगदा साच्यावर पसरायचा, वाळवायचा आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचा, तेव्हा कुठे एक ताव तयार होई. कापडाचे आयुष्य संपले की कागदाचे सुरू होई. ज्यांच्या घरात हे काम चाले, त्यांना कागद फेकताना हात थांबवावासा वाटणारच.

आपला आजचा कागदी रुमाल मुख्यतः लाकडाच्या लगद्यापासून बनतो. हात पुसून तो खरकटा झाला की रद्दीवालाही घेत नाही. किचन टॉवेलचा कागद तर ओला झाल्यावरही फाटू नये असा बनवलेला असतो. म्हणून तो पाण्यात लवकर विरघळत नाही आणि मोरीत किंवा शौचालयात टाकला तर नळी तुंबते. हे रुमाल कचऱ्याच्या डब्यातच टाकावेत. साधे, बिनरंगी आणि फार तेलकट नसलेले रुमाल फाडून झाडांच्या खतात मिसळले तरी चालतात.

मग कागदी रुमाल वापरूच नयेत का? तसे आम्ही म्हणत नाही. प्रवासात, आजाऱ्याच्या उशाशी, सर्दी झालेल्या मुलासाठी ते सोयीचेच आहेत. पण रोजच्या दस्तरखानावर जुन्या सुती ओढणीचे किंवा चादरीचे हातभर चौकोन कापून, कडा दुमडून शिवून ठेवावेत. डझनभर केले की महिना निभावतो. बोटे चाटून घेतल्याशिवाय हात पुसू नये, कारण बरकत कोणत्या घासात आहे हे आपल्याला ठाऊक नसते, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. तेवढे पाळले आणि मग हात धुतला, तरी अर्धे रुमाल आपोआप वाचतील.

आणखी एक सवय सोडायला हवी. भजी-समोसे तळून वर्तमानपत्रावर निथळत ठेवू नयेत. छपाईची शाई तेलाबरोबर अन्नात उतरते. अन्नपदार्थ वर्तमानपत्रात बांधून देण्यास 2018 च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केली आहे. शिवाय त्या पानावर अल्लाहचे नाव किंवा एखादी आयत छापलेली असेल, तर त्यावर तेल गाळणे आपल्याला कसे रुचेल? त्यापेक्षा जाळीची चाळणी ताटावर ठेवावी. तेल खाली निथळते आणि भजीही कुरकुरीत राहतात.

कागदाची खरी शोभा सजावटीत आहे. सतराव्या शतकात विजापूरच्या दरबारी चित्रकारांनी ‘अब्री’, म्हणजे ढगांसारख्या रंगीत लाटांच्या कागदातून सुंदर चित्रे घडवली. आपल्या घरी तेवढी कला नसली, तरी लग्नाच्या जुन्या पत्रिका असतातच. त्यांचा कागद जाड आणि नक्षीदार असतो. आधी ‘बिस्मिल्लाह’ आणि आयत असलेला भाग कापून अदबीने वेगळा ठेवावा. उरलेल्या कागदाचे ईदीचे लिफाफे करावेत. 19 सेंटिमीटर रुंद, 18 सेंटिमीटर उंच तुकडा घ्या. दोन्ही बाजू 1-1 सेंटिमीटर आत दुमडा. खालून 7.5 सेंटिमीटर वर घडी घालून कडा चिकटवा. वर उरलेले 3 सेंटिमीटर म्हणजे झाकण. पाचशेची नोटही न दुमडता आत बसते.

त्या इफ्तारनंतर दादींनी सरळ केलेले रुमाल पुन्हा पाकिटात गेले. ईदच्या सकाळी आम्ही त्याच घरी गेलो, तेव्हा त्यांच्या नातीने आमच्या मुलाच्या हातात एक लिफाफा ठेवला. कोपऱ्यात अर्धे सोनेरी फूल होते, तिच्या मामूच्या लग्नाच्या पत्रिकेवरचे. मुलाने नोट खर्च केली; लिफाफा अजून त्याच्या दप्तरात आहे.