यात्रा एका दिवसाची, सापाशी गाठ बारा महिन्यांची



श्रावण शुद्ध पंचमी जवळ आली की आपल्या सांगली जिल्ह्यात चावडीवर, दूध संस्थेच्या कट्ट्यावर, एस.टी.त एकच विषय निघतो. "यंदा शिराळ्याला जिवंत नाग काढणार काय हो?" कुणी म्हणतो, परंपरा बुडवली. कुणी म्हणतो, कायदा तो कायदा. दोन्हीकडची माणसे तावातावाने बोलतात आणि पंचमी सरली की विषय पुढच्या श्रावणापर्यंत बासनात जातो. मी कृषी खात्यात गावपातळीवर काम करणारा पदविकाधारक माणूस आहे. सापाशी माझा संबंध यात्रेपुरता नसून बांधावरचा आहे. म्हणून या वादात चार शब्द बोलावेसे वाटतात.

बत्तीस शिराळ्याची कथा आपल्याला ठाऊक आहेच. गोरक्षनाथ भिक्षेला आले. घरच्या बाईला भिक्षा वाढायला उशीर झाला, कारण ती मातीच्या नागाची पूजा करत होती. जिवंत नागाची पूजा करशील काय, असे नाथांनी विचारले आणि त्या मातीच्या नागात प्राण आणला. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पुजण्याची चाल पडली, असे सांगतात. नागपंचमीच्या आधी महिनाभर गल्लीगल्लीची मंडळे रानात फिरायची, नाग पकडून गाडग्यात सांभाळायची. पंचमीला वाजतगाजत मिरवणूक निघायची आणि कुणाचा नाग लांब, कुणाचा फणा उंच याच्या स्पर्धा व्हायच्या. देशभरातून, परदेशातूनही माणसे बघायला यायची. यात्रा झाली की नाग पुन्हा रानात सोडले जायचे.

मग कायदा आडवा आला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्या कायद्याने नाग पकडणे, बाळगणे, त्याचा खेळ करणे हा गुन्हा ठरतो. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१४ च्या आदेशानंतर जिवंत नागांची मिरवणूक व स्पर्धा बंद झाल्या. २०२५ साली केंद्र सरकारने शिराळ्यातल्या २१ जणांना केवळ शैक्षणिक कारणासाठी नाग पकडण्याची परवानगी दिली, तीही अटी घालून. मिरवणूक आणि स्पर्धा बंदच राहिल्या.

आताची यात्रा मी पाहिली आहे. पेठ नाक्यावरून आत वळले की रस्त्याला माणसांची रीघ लागलेली असते. अंबामातेच्या देवळापाशी पाय ठेवायला जागा नसते. ट्रॅक्टरवर नागाच्या भल्यामोठ्या प्रतिमा, बेंजो, गुलाल, खेळण्यांची दुकाने, भजीचे गाडे. गर्दी अजूनही दांडगी, पण म्हातारी माणसे हळहळतात. त्यांचे दुःख खोटे नाही. गारुडी दात काढतो, तोंड शिवतो. शिराळकर नागाला जीव लावायचा, हे ते अभिमानाने सांगतात. या माणसांना क्रूर म्हणून मोकळे होणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही जिवंत नागाची मिरवणूक पुन्हा सुरू व्हावी, असे मला वाटत नाही. त्याची कारणे सांगतो.

पहिले कारण कथेतच आहे. नाथ दारात आले तेव्हा ती माउली मातीचाच नाग पुजत होती. म्हणजे मातीच्या नागाची पूजा ही जिवंत नागाच्या पूजेच्या आधीची. आजही महाराष्ट्रातल्या लाखो घरांत पाटावर गंधाने नाग काढतात किंवा कुंभाराकडून मातीचा आणतात. त्यांची पंचमी काय अपुरी होते? कायद्याने पूजा बंद केलेली नाही. पकडणे बंद केले आहे.

दुसरे कारण नागाच्या बाजूचे. साप हा थंड रक्ताचा प्राणी. लख्ख उजेड, गर्दी आणि ढोलाची जमिनीतून येणारी थरथर यांनी तो बिथरतो. फणा काढून डोलतो तो आनंदाने नव्हे. समोर हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवून स्वतःचा बचाव करत असतो. दूध हा त्याचा आहार नव्हे. उपाशी-तहानेला ठेवलेला साप पुढे येईल ते ओले तोंडात घेतो आणि आपण म्हणतो, देवाने नैवेद्य घेतला! ते दूध त्याला पचत नाही.

तिसरे आणि मोठे कारण आपल्या बाजूचे आहे. आपण पुजतो तो नाग कथेतला आहे. तो दूध पितो, डोक्यावर मणी बाळगतो, पुंगीवर नाचतो, डूख धरतो आणि मारणाऱ्याची आठवण ठेवून सूड घेतो. बांधावरच्या सापात यातले काहीच नाही. त्याच्याजवळ मणी नसतो आणि डूख धरण्याएवढी स्मरणशक्तीही नसते. आता बघा, या दोन नागांची गल्लत आपल्याला किती महागात पडते. डूख धरेल या भीतीने आपण साप दिसला की ठेचतो, वर जाळतोही. पंचमीला हात जोडायचे आणि षष्ठीला काठी शोधायची! त्यात धामण, दिवड, कवड्या असे बिनविषारी सापच जास्त मरतात.

शेतकऱ्याने तर हे मुळीच करू नये. भात असो, ऊस असो, भुईमूग असो, उंदीर काय करतो हे मी सांगायला नको. मादीचे पोट एकवीस-बावीस दिवसांत मोकळे होते आणि एका वेतात सहा-आठ पिले पडतात. विषारी आमिष ठेवले तर काही उंदीर मरतात, बाकीचे शहाणे होऊन आमिषाला तोंड लावत नाहीत. साप मात्र थेट बिळात शिरतो आणि पिलांसकट घर मोकळे करतो. असा राखणदार, तोही बिनपगारी, दुसरा कोण मिळणार आहे? नागपंचमीला नांगर धरू नये, माती उकरू नये, ही आपल्या वाडवडिलांची रीत. पावसाने बिळे भरून साप वर येण्याचे हे दिवस. या रीतीत शहाणपण होते असे मला वाटते.

पण साप मित्र आहे एवढे सांगून भागत नाही. तो चावतो आणि माणूस मरतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि बहुतेक सगळे खेड्यापाड्यांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत धरले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे उद्दिष्ट आहे. ही माणसे कोण? भांगलणीला वाकलेल्या बायका, वैरण काढणारा गडी, रात्रीच्या लाइटीवर पाणी पाजायला अनवाणी गेलेला कुणाचा तरी भाऊ. पंचमीच्या आदल्या दिवशी आपल्या आया-बहिणी भावासाठी उपवास धरतात. त्याच भावाच्या पायात गमबूट आणि हातात बॅटरी आहे का, हे मात्र कुणी बघत नाही.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका वाडीवर पहाटे झोपेत साप चावला. आधी देवळात नेले, मग मांत्रिकाकडे. तास-दोन तास तिथे गेले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पापण्या मिटल्या होत्या, श्वास अडकत होता. मागे राहिलेल्या बाईच्या कागदपत्रांसाठी मी त्या घरी गेलो तेव्हा ती एकच बोलली, "चावल्याची खूण बी दिसत नव्हती, साहेब." हे मण्यारीचे लक्षण. तिचा दंश दुखत नाही, सुजत नाही, कधी नुसते पोट दुखते. खूण दिसत नाही म्हणून विष नाही, असे धरून चालू नका.

आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चौघांच्या विषावर एकच लस चालते. घोड्यांच्या रक्तापासून बनवलेली ही लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. साप कोणता हे ओळखण्यासाठी त्याला मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. त्या नादात दुसरा दंश होतो. साप चावला तर एवढे करा:

माणसाला धीर द्या, चालवू नका, पळवू नका. हात-पाय फळी किंवा काठीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. दोरीने करकचून आवळू नका. रक्तपुरवठा तुटून अवयव जातो. ब्लेड मारू नका, तोंडाने ओढू नका, कोंबडी लावू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने लस असलेला दवाखाना गाठा. लस कुठे आहे याची चौकशी पावसाळ्याआधीच करून ठेवा. रात्री जमिनीवर झोपू नका. नाइलाज असेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. सरपण आणि गोवऱ्यांचे ढीग भिंतीला टेकून रचू नका.

आणि दुर्दैवाने माणूस गेलाच, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश बसतो, हे लक्षात ठेवा. सातबाराधारक शेतकरी किंवा कुटुंबातला एक सदस्य, वय १० ते ७५, मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात तीस दिवसांच्या आत द्यायचा. पण दवाखान्याचा कागद लागतो. मांत्रिकाच्या अंगाऱ्याची पावती मिळत नाही, बरं का!

आता पुन्हा शिराळ्याकडे. नाग कुठे बसतो, कधी बाहेर येतो, त्याच्या हालचालीवरून तो काय करणार, हे कळणारी माणसे त्या गावात पिढ्यानपिढ्या आहेत. ही विद्या वाया जाऊ नये, एवढ्यापुरते मी शिराळकरांच्या बाजूचा आहे. मिरवणूक सुरू करा म्हणण्यापेक्षा आपण सरकारकडे वेगळी मागणी करू या. वन खात्याने या जाणत्यांना रीतसर प्रशिक्षण आणि ओळखपत्र द्यावे, म्हणजे घरात साप निघाला तर काठीऐवजी त्यांना बोलावता येईल. पंचमीला लाखभर माणूस गोळा होतो असे म्हणतात. त्या गर्दीत आरोग्य खात्याचा, वन खात्याचा आणि आमच्या कृषी खात्याचा एकेक मांडव असावा. चित्रे लावून साप ओळखायला शिकवा, जखमी पाय कसा बांधायचा ते करून दाखवा, कुठल्या दवाखान्यात लस आहे त्याचा फलक लावा. मंडळांनीही बेंजोच्या खर्चातून चार जोड गमबूट गावच्या मजुरांना दिले तर नागोबा रागावणार नाही.

हे सगळे व्हायला वेळ लागेल. तोवर आपल्या हातात आहे ते आपण करू. येत्या पंचमीला पाटावर नाग काढा, लाह्या वाहा, पुरणाचे दिंड खा. दूध घरातल्या लेकरांना द्या. संध्याकाळी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस आहे का, रात्री डॉक्टर असतो का, एवढे विचारून या. नसेल तर ग्रामसभेत विषय काढा आणि ठराव लिहून घ्या.