सुताराच्या रंगाचे दामही मोजा

गावचा सुतार म्हटला की आपल्याला तिफण, कुळव, दाराची चौकट आठवते. पण बऱ्याच गावांत एखादा सुतार असा निघतोच, की रंधा खाली ठेवला की कुंचला उचलतो. देवळातला मारुती, गाडीवरची वेलबुट्टी, लग्नातल्या कपाटावरचा मोर त्याच्याच हातचा. चित्रकलेच्या शाळेचे तोंड त्याने पाहिलेले नसते. कॅलेंडरे बघून बघून हात बसवलेला असतो.

आता आपला व्यवहार बघा. कपाटाचे लाकूड आपण घनफुटावर मोजतो, मजुरी दिवसावर ठरवतो. शेवटी म्हणतो, "दारावर तेवढा एक मोर काढ की!" त्या मोराचे पैसे? ते नाहीत. दोन दिवसांचे काम भाजीवरच्या कोथिंबिरीसारखे फुकट!

आम्ही विस्तारवाले तुम्हाला सांगतो, माल निवडा, प्रतवारी करा, खोक्यात नीट भरा, चार पैसे जास्त मिळतील. व्यापाऱ्याने ते दिले नाहीत तर तुम्ही चिडता, आणि ते बरोबरच आहे. मग सुताराच्या जादा कष्टाला वेगळा न्याय का?

सावंतवाडीत काय झाले पाहा. पानमळ्यात वेलीच्या आधाराला आपण पांगारा लावतो. त्याच हलक्या लाकडाची तिथे खेळणी होतात. तिथल्या चितारी कारागिरांची ओळख रंगकामावर आहे. दशावतारी गंजिफाच्या एका जोडात १२० पाने, सगळी हाताने रंगवलेली. तीच चित्रे पाटा-चौरंगांवरही उतरली. ही कला मोडकळीला आली, तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना काम देऊन ती जगवली. आज तिथे गिऱ्हाईक रंगाचे दाम मोजते. पांगारा काही महाग झालेला नाही.

कोणी म्हणेल, सरकार आहे की! १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आहे. अवजारांना १५ हजार रुपये, कर्ज पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत, दुसऱ्यात २ लाखांपर्यंत, व्याज ५ टक्के. पात्र असेल त्याने जरूर नोंदणी करावी. पण त्या यादीत चित्रकार नाही. म्हणजे योजना त्याच्या रंध्याला हात देईल, कुंचल्याला नाही. तो भार गिऱ्हाइकानेच उचलायचा, म्हणजे तुम्ही-आम्ही.

फार काही करायचे नाही. कपाट सांगताना चित्राची किंमत आधी ठरवा आणि हिशेबात वेगळी लिहा. शाळेच्या बोलक्या भिंती, अंगणवाडी, पंचायतीचा फलक ही कामे शहरातल्या ठेकेदाराआधी त्याला विचारा. चित्राखाली त्याचे नावही येऊ द्या.

नाहीतर उद्या त्याचा पोरगा रंधाही धरणार नाही आणि कुंचलाही. मग बाजारातून आणलेल्या कपाटावर मोर कोण काढणार?