दुकान बंद, हळहळ चालू

2016 मध्ये काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस बंद झालं, तेव्हा वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने हळहळ छापली. दुकान त्या लायकीचं होतंच. पण ‘काळ बदलला’ म्हणून हात झटकणाऱ्यांचा मला राग येतो. बूथमध्ये उभं राहून गाणी ऐकायची, नावं टिपायची आणि घरी जाऊन फुकट डाउनलोड करायची, हे काळाने नाही, गिऱ्हाइकांनी केलं. पुढे ती जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली, मग ईडीने जप्त केली. वर्षानुवर्षं शटर खाली होतं. तेव्हा हळहळणारे कुठे होते?

आणि हळहळ काळा घोड्यापुरतीच का? तिथून थोडं उत्तरेला, भेंडी बाजारात 16.5 एकरांचा पुनर्विकास चालू आहे. जुने दुकानदार गाळे सोडून हलले. नव्या इमारतीत गाळा मिळेलही, पण नमाजहून परतताना ओट्यावर टेकणारं गिऱ्हाईक परत येईल? काळा घोड्याला गेला तो ‘वारसा’, भेंडी बाजारात गेली ती ‘गर्दी’! अजून उभ्या असलेल्या जुन्या दुकानांवर एखाद्या पुरवणीने एक पान तरी द्यावं. पाडायच्या आधी.