अंड्यावर पहिला हक्क कोणाचा ?

आपल्या खेड्यांतून कोंबड्या पाळणारीं घरें थोडीं नाहींत. परंतु चार-सहा अंडीं जमलीं कीं तीं आठवड्याच्या बाजारीं जातात, आणि ज्या घरचे दाणे टिपून कोंबडी तीं देते त्या घरच्या मुलांच्या वांट्यास क्वचितच येतात. त्याच घरचा तरुण मुलगा तालुक्याच्या गांवीं व्यायामशाळेंत जाऊं लागला म्हणजे मात्र शरीर कमावण्यासाठीं प्रथिनांच्या भुकटीचा डबा विकत आणतो. घरचें धान्य स्वस्त विकून बाजारचें पीठ महाग घ्यावें, तशांतलाच हा व्यवहार होय. अंड्यावर पहिला हक्क घरांतील वाढत्या मुलाचा व गर्भवती स्त्रीचा, त्यानंतर गांवच्या शाळेंतील मुलांचा, आणि उरेल त्यावर बाजाराचा, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याचीं कारणें वाचकांपुढें ठेवीत आहों.

साधारण ५० ग्रॅम वजनाच्या अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम प्रथिनें असतात व त्यापासून सुमारें ७० उष्मांक मिळतात. हा आंकडा मोठा दिसत नाहीं. परंतु अंड्याचें महत्त्व प्रथिनांच्या प्रमाणापेक्षां त्यांच्या जातींत आहे. शेतकऱ्यास हें खताच्या दृष्टान्तानें चटकन् समजेल. पिकास नत्र कितीहि घातलें तरी जमिनींत स्फुरद कमी असेल तर पीक स्फुरदाच्या मापानेंच वाढतें. प्रथिनांचें तसेंच आहे. तीं ज्या लहान घटकांचीं बनलेलीं असतात त्यांपैकीं नऊ घटक शरीरास स्वतः तयार करतां येत नाहींत. ते अन्नांतूनच मिळाले पाहिजेत. ज्वारी-बाजरींत त्यांपैकीं लायसिन कमी, तर डाळींत मेथिओनिन कमी. अंड्यांत हे नऊहि घटक योग्य प्रमाणांत असल्यामुळें भाकरीबरोबर एक अंडें खाल्लें असतां भाकरींतील प्रथिनेंहि अधिक कारणीं लागतात. शिवाय पिवळ्या बलकांत अ व ड जीवनसत्त्वें, वनस्पतींत न सांपडणारें ब-१२, आणि गर्भाच्या मेंदूच्या वाढीस लागणारें कोलीन हीं द्रव्यें आहेत.

अंडें म्हणजे सर्व कांहीं, असें मात्र कोणी समजूं नये. त्यांत क जीवनसत्त्व मुळींच नाहीं, चोथा नाहीं, आणि त्यांतील लोह अंगीं फारसें लागत नाहीं. म्हणून पालेभाजी व लिंबू हीं ताटांत असलींच पाहिजेत. कच्चें अंडें पिण्यांत अधिक शक्ति आहे ही तालमींतली समजूत तर साफ चुकीची आहे. शिजविलेल्या अंड्यांतील प्रथिनांपैकीं सुमारें नऊ दशांश पचतात, कच्च्यांतील सुमारें निम्मींच. आणि कच्च्या अंड्यांतून रोगजंतु पोटांत जाण्याचें भय असतें तें वेगळेंच. निरोगी माणसानें दिवसास एक अंडें खाण्यास हरकत नाहीं. मधुमेह अथवा हृद्रोग असणारांनीं मात्र आपल्या डॉक्टरांस विचारावें.

आतां डब्याविषयीं. अंड्यापासून केलेली प्रथिनांची भुकटी म्हणजे बहुधा वाळविलेला पांढरा भागच होय. तो वेगळा काढून, पुढें काळपट पडूं नये म्हणून त्यांतील साखर नाहींशी करून, गरम हवेच्या झोतांत त्याचा फवारा सोडला म्हणजे भुकटी बनते. तिच्यांत शेंकडा सुमारें ८० भाग प्रथिनें असतात. ती टिकते व वाहून नेण्यास हलकी असते, हे तिचे खरे गुण. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ पासून, इंग्लंडांत अमेरिकेची अंड्याची भुकटी शिधापत्रिकेवर मिळूं लागली ती जहाजांतील जागा वांचावी म्हणून. ज्याच्या अंगणांत कोंबडी फिरते त्यास या दोन्ही गुणांचा काय उपयोग ? ३० ग्रॅम भुकटींत जितकीं प्रथिनें तितकीं चार अंड्यांत मिळतात, आणि बलकाचे गुण वर मिळतात. शंका असेल त्यानें डब्याच्या किंमतीस त्यांतील एकूण प्रथिनांच्या ग्रॅमांनीं भागावें, अंड्याच्या किंमतीस ६ नें भागावें, व दोन्ही उत्तरें शेजारीं मांडून पाहावींत. ६० किलो वजनाच्या निरोगी माणसास दिवसाचीं सुमारें ५० ग्रॅम प्रथिनें पुरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ च्या आहारविषयक सूचनांत असल्या भुकट्या टाळाव्यात असाच सल्ला दिला आहे. डॉक्टरांनीं एखाद्या रोग्यास भुकटी सांगितली तर गोष्ट निराळी.

आमच्या वाचकांत माळकरी व इतर शाकाहारी पुष्कळ आहेत. त्यांच्या नियमाविषयीं आम्हांस आदरच आहे. दूध व डाळ यांवर त्यांचें चांगलें भागतें. कोंबड्याचा संग नसलेल्या कोंबडीच्या अंड्यांतून जीव उत्पन्न होत नाहीं, म्हणून दूध घेणारास असें अंडें घेण्यास अडचण नसावी, असें मत महात्मा गांधींनीं १९४२ मध्यें पुण्याच्या आगाखान महालांत बंदिवासांत असतां लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकांत मांडलें आहे. तें पटो वा न पटो. आपण खात नाहीं म्हणून दुसऱ्याच्या मुलाच्या ताटांतील अंडें काढून घेणें हा धर्म नव्हे.

हें लिहिण्यास कारण आहे. नोव्हेंबर २०२३ मध्यें राज्य सरकारनें शाळेंतील पोषण आहारांत आठवड्यास एक अंडें, व न खाणारास फळ, देण्याचें ठरविलें होतें. जानेवारी २०२५ मध्यें त्यासाठीं दिला जाणारा पैसा बंद करून हा खर्च लोकवर्गणींतून करावा असें सांगण्यांत आलें. हा निर्णय आम्हांस पसंत नाहीं. तथापि सरकारशीं वाद चालू असतांना मुलांचीं वर्षें थांबत नाहींत. ज्या गांवांत वीस बागाईतदार आहेत तेथें आठवड्याचीं शंभर अंडीं जमणें अशक्य नाहीं.

अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बायकांच्या हातीं येतो. तो बुडवावा असें आम्ही म्हणत नाहीं; यजमानांनीं आपल्या खर्चानें चार तलंगा अधिक आणाव्या. गांवठी कोंबडी वर्षास ४० ते ६० अंडीं देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा अंगणांत फिरूनहि शंभराच्या घरांत देते. मानमोडीची लस वेळेवर टोंचावी, रात्रीं बंद खुराडें असावें, आणि टरफल कठीण येण्यासाठीं शिंपल्यांचा चुरा द्यावा. आहारतज्ज्ञांची शिफारस माणशीं वर्षास १८० अंड्यांची आहे. २०२३-२४ सालीं देशांत माणशीं १०३ च उपलब्ध होतीं, आणि त्यांतहि खेड्यांतल्या मुलाच्या हातीं किती आलीं हें प्रत्येकानें आपल्याच घरीं मोजून पाहावें. बैलास पेंड घालतांना आपण हिशेब पाहात नाहीं, कारण त्याच्या खांद्यावर शेत आहे. तें शेत उद्यां ज्यांच्या खांद्यावर यावयाचें आहे त्यांस एक अंडें देतांना हात आंखडूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.